उंचावरील तांबडी वाइन आणि आपली पठारे

खानापूरच्या घाटमाथ्यावरील एका तरुण बागाईतदाराने मागील हंगामात आम्हांस एक प्रश्न घातला. दक्षिण अमेरिकेत दहा हजार फुटांवर द्राक्षे पिकवितात व त्यांची तांबडी वाइन जगभर मोठ्या भावाने जाते, असे त्याच्या वाचनात आले होते. तो म्हणाला, "भाऊसाहेब, उंचीनेच जर मालाला मोल येत असेल, तर महाबळेश्वर आपल्याच बाजूला आहे. मग तिथे कुणी द्राक्षे का लावली नाहीत? आणि आमचे पठारही कृष्णाकाठाहून उंचच आहे, मग आम्ही मागे का?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. शिवाय त्याच्या मनात दोन एकर बाग मोडून तांबड्या वाइनची जात लावण्याचे घोळत होते, हे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा उत्तर नीट विचार करून द्यावे, म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे. आमचे घराणे माळकरी असल्यामुळे वाइनच्या चवीविषयी आम्ही अवाक्षर लिहिणार नाही. आम्हांस जे ठाऊक आहे ते जमिनीचे, छाटणीचे व कागदपत्रांचे.

प्रथम त्या दूरच्या मुलखाची हकीकत सांगतो. अर्जेंटिना देशाच्या वायव्येस साल्टा नावाचा प्रांत आहे. तेथे अँडीज पर्वताच्या कुशीत कालचाकी नद्यांची खोरी आहेत. काफायाते हे त्या भागातील वाइनचे मुख्य गाव सुमारे साडेपाच हजार फुटांवर वसलेले आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून ते हजार फूट उंच. त्याहीवर कोलोमे नावाची, १८३१ साली स्थापन झालेली जुनी वाइनशाळा आहे. तिच्या एका मळ्याची उंची ३,१११ मीटर, म्हणजे सुमारे १०,२०० फूट आहे. मालबेक ही तेथील तांबडी जात. ती मूळची फ्रान्सची. १८५३ साली अर्जेंटिनात आली, आणि आज तिच्या जन्मभूमीहून तेथेच तिचे नाव अधिक आहे. रंग इतका गडद की प्याल्याच्या पलीकडचे दिसत नाही, असे जाणकार सांगतात.

आता या मुलखातली मुख्य गोष्ट, आणि आमच्या तरुण मित्राच्या वाचनातून नेमकी तीच निसटली होती. काफायातेकडे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा आठ इंचांच्या आसपास. वेलींना पाणी मिळते ते डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचे, पाटाने किंवा ठिबकने. म्हणजे तो मुलूख उंच तर आहेच, पण त्याआधी तो कोरडा आहे. शेतकरी पाणी हवे तेव्हा देतो व हवे तेव्हा तोडतो. आभाळ त्याच्या कामात लुडबूड करीत नाही. उंचीचा गुण या कोरडेपणाच्या पायावर उभा आहे.

उंचीने होते काय, तेही पाहू. दर हजार फुटांस हवा सुमारे दोन अंश सेल्सिअसने थंड होत जाते. रात्र थंड पडली की मण्यातील आंबटपणा टिकून राहतो. उष्ण रात्री वेल स्वतःच्या श्वसनात तो जाळून टाकते. दुसरे असे की, उंचावर हवा विरळ असल्याने सूर्याचे जे अदृश्य तीव्र किरण आहेत त्यांचे प्रमाण दर हजार मीटरला शेकडा दहाच्या सुमारास वाढते. त्या किरणांपासून बी वाचविण्यासाठी मणी आपली साल जाड करतो आणि तीत रंग व तुरटपणा साठवितो. माणूस उन्हात रापतो तसाच हा प्रकार समजावा. तांबड्या वाइनचा सारा जीव सालीत असतो. काळ्या द्राक्षाचा मणी दाबून पाहिला तर बहुतेक जातींचा रस पांढुरकाच निघतो. रस सालीसकट आठ-दहा दिवस आंबवितात, तेव्हा त्यात रंग उतरतो. सबब ज्या मुलखात साल चांगली, तेथील तांबडी वाइन चांगली.

आता महाबळेश्वर. उंची सुमारे साडेचार हजार फूट, रात्री थंड, ऊन स्वच्छ. पण पाऊस दोनशे इंचांहून अधिक. द्राक्षवेल हे काही हंगामी पीक नव्हे. स्ट्रॉबेरीचे रोप पाऊस सरता सरता लावतात व उन्हाळ्यापर्यंत फळ काढून घेतात, म्हणून ते तेथे साधले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वेलीस मात्र चारही महिने पावसात उभे राहावे लागते. केवडा व करपा तिची पाने ठेवणार नाहीत. समजा औषधे मारून पाने राखली, तरी घड येणार नाहीत. कारण पुढील हंगामाचा घड डोळ्यांत तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत, आणि त्या वेळी काडीवर लख्ख ऊन हवे. ज्या वर्षी मे अखेरीस आभाळ भरून येते, त्या वर्षी आपल्या तासगाव-मिरजेकडेही वांझ काड्या किती निघतात हे वाचकांनी स्वतः पाहिले आहे. महाबळेश्वरास तर जून लागताच सूर्य दिसेनासा होतो.

म्हणून उंचीचा शोध घ्यावयाचा तर तो सह्याद्रीच्या माथ्यावर नव्हे, त्याच्या पावसाच्या सावलीत घ्यावा लागतो. माण, खटाव, आटपाडी, जत, खानापूर, कवठे महांकाळ हे तालुके त्या सावलीत येतात. आटपाडी-जतेस वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. ज्या दुष्काळाने या तालुक्यांतील पिढ्यान् पिढ्या मुंबईस गिरण्यांत किंवा परमुलखी गलाईच्या धंद्यास घालविल्या, तोच कोरडेपणा द्राक्षास मानवला. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आले तेव्हा बागा आणखी वर चढल्या. परंतु साल्टाशी तुलना करताना आपण भान ठेवावे. सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर आहे. त्यावरील पठारे काहीशे फूट अधिक उंच आहेत, इतकेच. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी सुमारे ३,००० फुटांवर वाइनच्या बागा आहेत. त्याही साल्टापुढे ठेंगण्याच. उंचीचा जो काही लाभ आपणांस मिळेल तो चार-दोन अंशांचा आहे. तो हलका लेखू नये, पण त्याच्या भरवशावर जाहिरातही करू नये.

याहून मोठा फरक हंगामाचा आहे, आणि त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत. युरोपात काय किंवा अर्जेंटिनात काय, द्राक्ष पिकते ते उन्हाळा ओसरून थंडी येत असताना. दिवसागणिक हवा निवत जाते, साखर सावकाश चढते, आणि साल व बी यांना पक्व होण्यास अवसर मिळतो. मग हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी अशी दोनदा कात्री लावून आपण तिला वर्षाचे चक्र शिकविले आहे. फळ धरते थंडीत आणि पिकते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे हवा दिवसेंदिवस तापत असताना. परिणाम असा की साखर भराभर चढते, आंबटपणा झरझर उतरतो, आणि साल मात्र मागे राहते. मापकात चोवीस अंश दिसले म्हणून तोडावे, तर बी चावून पाहता अजून हिरवे व कडवट लागते. बी तपकिरी होईतो थांबावे, तर मणी सुकू लागून साखर सव्वीसवर जाते व वाइन जहाल होते. तांबड्या वाइनची आपल्याकडची सारी अडचण या एका वाक्यात आहे.

यावर उपाय म्हणून फळ छाटणी सप्टेंबरात ओढावी, म्हणजे फळ जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत थंड रात्री असतानाच उतरेल, असे सांगतात. उपाय बरोबर आहे. पण सप्टेंबरात छाटली की कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवड्याचे पाच-सात फवारे वाढतात. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घडकुज ठरलेली. येथेच पठाराचा खरा उपयोग आहे. वर वारा खेळता, जमीन उथळ व निचऱ्याची, रात्र काठाहून थंड. त्यामुळे छाटणी आठवडा-दोन आठवडे अलीकडे घेण्याचा धोका कमी होतो, किंवा उशिरा घेतली तरी थंड रात्री थोड्या अधिक लाभतात. काळ्याभोर, पाणी धरणाऱ्या नदीकाठच्या रानात ही सवलत मुळीच नाही.

सांगली जिल्ह्याच्या बागाईतदारास द्राक्ष शिकविणे म्हणजे पंढरपुरात अभंगाची शिकवणी घेणे होय. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात राज्यभर पसरली. येथील बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु खाण्याच्या द्राक्षात जे कौशल्य, ते वाइनच्या द्राक्षात बहुधा उलटे पडते. आपण घडाची विरळणी करून, जी.ए. च्या द्रावणात बुडवून, पाणी व खत भरपूर देऊन मणी फुगवितो. वाइनवाल्यास मणी लहान हवा. लहान बोरात गरापेक्षा सालीचे प्रमाण जास्त असते, तसाच हा हिशेब. खाण्याच्या बागेत एकरी दहा-बारा टन काढणारा शेतकरी हुशार ठरतो. तांबड्या वाइनच्या बागेत तीन ते पाच टनांवर गेला की रंग फिका पडू लागतो. मणी पिकताना पाणी तोडून वेलीस किंचित उपाशी ठेवावे लागते. हे आमच्या शेतकऱ्याच्या हातून लवकर होत नाही. कोमेजलेला शेंडा पाहिला की त्याचा हात आपोआप ठिबकच्या कळीकडे जातो, आणि त्यात त्याचा दोष तरी काय?

वाइनच्या धंद्याचा इतिहास थोडक्यात असा. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावास शामराव चौगुले यांनी आधुनिक वाइनशाळा उभी केली. पुढे नाशिकास धंदा वाढला. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर करून वाइनवरील उत्पादन शुल्क माफ केले आणि दोन ठिकाणी वाइन उद्याने योजिली. नाशिक जिल्ह्यात विंचूर, व आपल्याकडे पलूस. पलूसच्या उद्यानास कृष्णेचे नाव दिले. त्या वेळी पलूस-तासगावात जो उत्साह होता तो आम्ही जवळून पाहिला आहे. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों ही नावे उच्चारता न येणारी माणसे त्यांची रोपे सांगू लागली. परंतु पलूस विंचूरसारखे भरले नाही. नाशिकास मुंबई जवळ. प्रवासी मोटारीतून मळा पाहण्यास येतो व जाताना पेटी घेऊन जातो. आपल्या वाटेने जाणारा प्रवासी नरसोबाच्या वाडीस किंवा ज्योतिबास निघालेला असतो. तो वाइनची पेटी घेऊन परतत नाही.

आता घरातील हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या धाकट्या बंधूंनी २००५ साली दोन एकर शिराझ व एक एकर काबर्ने लावली. एका वाइनशाळेशी करार केला. तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तेवीस अंश साखरेस किलोस ३२ रुपये दर, कमी साखरेस कपात, असे त्यात होते. २००७ व २००८ चे पैसे वेळेवर मिळाले, आणि बंधूंनी त्या भरवशावर सोसायटीचे कर्ज काढून शेततळे केले. २००८ च्या शेवटी जगात मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, आणि राज्यभर वाइनशाळांत जुनाच माल पडून राहिला. मार्च २००९ मध्ये बंधूंच्या बागेत अकरा टन माल तयार होता. आज गाडी येते, उद्या येते, असे तीन आठवडे गेले. साखर सव्वीसच्या वर गेली, मणी सुरकुतले, बुलबुलांचे थवे उतरले. शेवटी दूरध्वनी उचलणेही बंद झाले.

आम्ही तीस वर्षे महसूल खात्यात दुसऱ्यांचे दस्तऐवज वाचण्यात घालविली. त्या रात्री घरचा करार प्रथमच ओळीने वाचला. माल किती दिवसांत उचलावयाचा याची मुदत नव्हती. न उचलल्यास नुकसान कोणी सोसावे, याचा उल्लेख नव्हता. साखर कोणाच्या मापकाने व कोणासमक्ष मोजावयाची, तेही नव्हते. लावणीच्या वेळी कागद आमच्यापुढे ठेवला होता; आम्ही दर पाहिला आणि 'ठीक आहे' म्हटले. बंधूंनी याबद्दल आम्हांस आजतागायत एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

या हकीकतीतील कळीची गोष्ट अशी. सोनाका किंवा थॉमसनचा भाव पडला तर माल रॅकवर टाकून बेदाणा करता येतो. चार किलोंचा एक किलो होतो, शीतगृहात ठेवता येतो, तासगाव-सांगलीच्या सौद्यात सहा महिन्यांनी विकता येतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दुसरे दार असते. शिराझच्या मण्यात बिया, मणी वाटाण्याएवढा, साल तुरट. तो बाजारात कोणी खात नाही आणि त्याचा बेदाणा कोणी घेत नाही. त्यास एकच दार, आणि ते बाहेरून बंद होते. सातबाऱ्यावर पीक पाहणीत मात्र दोहोंची नोंद 'द्राक्षे' अशी एकच. बंधूंनी थोडा माल रसासाठी पाच रुपयांनी दिला, बाकीचा वेलीखाली झाडला. २०१० साली वेली बुंध्याशी कापून खुंटावर सोनाकाचे कलम केले. खुंट चांगले होते, कलमे धरली. कर्ज फिटण्यास मात्र सात वर्षे लागली.

तरीही तांबडी वाइन आपल्या हवेत होतच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. सातारा जिल्ह्याच्या सीमेस लागून, शंभूमहादेवाच्या डोंगररांगेच्या बाजूस माळशिरस तालुक्यात मोटेवाडी व गारवाड येथे 'फ्रातेल्ली' या वाइनशाळेच्या बागा आहेत. २००७ साली अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी तो उद्योग आरंभिला. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊच. टस्कनीचे पिएरो मासी हे वाइनतज्ज्ञ त्यांच्यात सातवे, आणि त्या सातांवरून त्यांच्या नावाजलेल्या तांबड्या वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. ती संजोवेसे व काबर्ने या जातींपासून करतात. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेस नातेपुत्याकडून जाताना आम्ही त्या बाजूची माळराने पाहिली आहेत. मुरमाड, कुसळे उगवणारी जमीन. तेथे ज्वारीही मनापासून येत नाही. विशेष हे की, सुमारे २४० एकरांच्या बागा त्यांच्या स्वतःच्या आहेत. तोडणी केव्हा, एकरी माल किती, पाणी कधी तोडावयाचे, हे ठरविणारा आणि वाइन विकणारा एकच आहे. मालाचा भाव पडला तरी माल वेलीवर राहत नाही. आमच्या समजुतीने पलूस व मोटेवाडी यांतील खरा फरक उंचीचा नसून या मालकीचा आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्यास बराच विरोध झाला व तो अमलात आला नाही. त्यातील नीतीचा वाद आम्ही येथे काढीत नाही. परंतु जो माल विकण्याचे नियम एका निर्णयाने उघडतात व दुसऱ्याने मिटतात, त्याची वेल लावताना पंधरा वर्षांचा विचार करावा लागतो, इतके मात्र खरे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी 'मांजरी मेडिका' ही रंगीत रसाची जात काढली आहे, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेची 'एआरआय-५१६' ही रस, मनुका व वाइन अशा तिन्हींस चालते व रोगासही कमी बळी पडते, असे संस्था सांगते. ज्यास प्रयोगाची हौस आहे त्याने एक-दोन गुंठ्यांत या लावून पाहण्यास हरकत नाही.

आमच्या तरुण मित्रास आम्ही हे सर्व सांगितले. त्याचे पठार तांबड्या द्राक्षास वाईट नाही. निचरा आहे, रात्री थंड आहेत, पाणी टेंभूचे येते. त्याच्याकडे एका वाइनशाळेचा माणूस येऊन गेला होता व कागद ठेवून गेला होता. या वेळी तो कागद आम्ही दर सोडून बाकी सर्व आधी वाचला. त्यात चार कलमे लाल शाईने वाढविली. साखर तेवीस झाल्याची लेखी सूचना मिळताच आठ दिवसांत माल उचलावा. न उचलल्यास त्या हंगामाच्या ठरलेल्या रकमेच्या निम्मी भरपाई द्यावी. मोजणी बागेत, उभयतांसमक्ष व्हावी. आणि पहिल्या फळापूर्वी खुंट व तारांच्या खर्चापैकी तिसरा हिस्सा आगाऊ मिळावा. बंधूंनी ती कलमे दोनदा वाचली व पाचवे सुचविले की, करार मुद्रांकावर व्हावा. कागद पौष महिन्यात परत पाठविला. माघ सरत आला आहे. अद्याप उत्तर नाही, आणि मित्राने यंदाची छाटलेली बाग तशीच ठेवली आहे.